सतरा नंबरच्या पिंजऱ्यातली चतकोर भाकर

एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून अख्खी धर्मापुरी मन्मथअप्पांना उंदीरअप्पा म्हणायला लागली. गावाला तरी काय दोष द्यावा? तीन पिढ्या किराणा दुकानावर बसलेल्या लिंगायत घरातला हा माणूस. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आणि नोकरी कशाची, तर उंदरांच्या दाणापाण्याची. बापजाद्यांनी दुकानात ज्यांच्यासाठी सापळे लावले त्यांनाच हा पगार घेऊन पोसतो, बापाचं पाप फेडतोय बिचारा, असं पारावर बोललं जायचं. अप्पा हसून पुढं जायचे. उलट बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

दुकान थोरल्या भावाकडं गेलं होतं. अप्पा तेव्हा चाळिशीच्या पुढं गेलेले, आणि हातात दुसरा धंदा नाही. त्या वर्षांत खाजगी कॉलेजं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत होती. परळीच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या तेलाच्या मिलमध्ये फार्मसी कॉलेज निघालं, आणि त्याच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत पांढरे उंदीर आले. त्यांची झाडलोट करायला माणूस पाहिजे होता. दहा जणांनी नाक मुरडलं. अकरावे अप्पा गेले ते तिथलेच झाले.

ते उंदीर आपल्या घरातल्यासारखे नव्हेत. वीतभर लांब, दुधासारखे पांढरे, लाल डोळ्यांचे, आणि स्वभावानं अगदी गरीब. अप्पा पिंजऱ्यातला भुस्सा बदलायचे, बाटल्या धुवायचे, दाराशी ओलं गोणपाट लावायचे. उन्हाळ्यात परळीच्या थर्मल वीजकेंद्राची बारीक राख वाऱ्याबरोबर खिडकीतून आत यायची, म्हणून दिवसातून दोनदा फडकं फिरवायचे. महिन्याभरात उंदीर त्यांच्या पावलांचा आवाज ओळखू लागले.

कॉलेजात कावेरीबाई शिकवायच्या. परळीच्या कापडदुकानदाराची मुलगी, वय तिशीच्या आत, अंगानं किरकोळ पण हट्टानं भारी. शिकवता शिकवता त्यांचं डॉक्टरेटचं काम चालू होतं. त्यांनी अप्पांना ते जसं समजावलं तसंच सांगतो. ऊन फार झालं की शरीराला ताण येतो. पहिला मार बसतो आतड्याच्या अस्तराला, आणि मग स्नायूंना. पण त्या माराला शरीर किती पुरं पडतं, ते आधी काय आणि किती खाल्लं यावर ठरतं की काय, हे त्यांना बघायचं होतं. त्यातही म्हातारपणी.

त्यासाठी दोन वर्षांचे, म्हणजे उंदराच्या हिशेबानं आजोबा झालेले अठ्ठेचाळीस उंदीर निवडले. वरच्या फळीवर चोवीस पिंजरे. त्यातल्या उंदरांनी खावं तेवढं खायचं, ते रोज अठरा ग्रॅमच्या आसपास जायचं. खालच्या फळीवरच्या चोवीस जणांना मोजून बारा ग्रॅम गोळ्या, आणि जीवनसत्त्वांची पूड वेगळी, म्हणजे पोट थोडं रिकामं राहील पण अंगाला काही कमी पडणार नाही. संक्रांतीला सुरुवात करायची, मे महिन्यात सगळ्यांना एकेक वेळ तापवलेल्या पेटीत ठेवायचं, आणि मग आतडं आणि पोटरीचा स्नायू तपासायचा. एका पिंजऱ्यात एकच उंदीर. वजन दर शनिवारी.

सगळं सरळ होतं. अडचण आली ती अप्पांच्या डब्यानं.

अप्पांच्या घरात रीत होती. ताट वाढलं की पहिला चतकोर बाजूला काढायचा. गाईला, कुत्र्याला, कुणी नसलं तर मुंग्यांना. समोर भुकेला जीव असताना एकट्यानं घास घ्यायचा नाही, हाच दासोह, असं मठातले स्वामी लहानपणापासून सांगत आलेले. उमाबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, पंचवीस वर्षं डब्यात तीन भाकरी बांधल्या त्या त्यातली पाव भाकर दुसऱ्याची असं धरूनच.

दुपारी अप्पा खोलीतल्या स्टुलावर बसून डबा सोडायचे, आणि खालच्या फळीवर चोवीस उंदीर मागच्या पायांवर उभे राहायचे. गजांतून चोवीस गुलाबी नाकं बाहेर. वरच्या फळीवरचे तृप्त होऊन लोळत पडलेले. अप्पांनी चार दिवस तोंड फिरवून जेवून बघितलं. दोन दिवस बाहेर लिंबाखाली जाऊन बसले, पण घास काही गोड लागेना. सातव्या दिवशी त्यांनी चतकोर मोडला आणि स्टुलाच्या अगदी जवळच्या सतरा नंबरच्या पिंजऱ्यात सारला.

सतरा नंबरच्या उंदराचा डावा कान अर्धा तुटलेला होता. अप्पा त्याला कानतुट्या म्हणायचे. त्यानं ज्वारीचा तुकडा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून असा खाल्ला, की अप्पांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अठरा, एकोणीस आणि वीस नंबरांनी हट्ट धरला. मग चौघांना चार तुकडे. बाकीच्या वीस जणांना पुरेल एवढी भाकर नव्हती, म्हणून अप्पा त्यांची मनातल्या मनात माफी मागायचे. सोमवारी मात्र कुणालाच काही नाही, कारण सोमवारी अप्पांचाच उपास.

आपण काही बिघडवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. बारा ग्रॅम गोळ्या ते काट्यावर तंतोतंत मोजायचे, एक कण इकडचा तिकडं नाही. भाकरीचं त्यांना वाटायचं, ती काय बाईंच्या मापातली थोडीच आहे, ती तर आपल्या वाटणीची.

फाल्गुनात शनिवारची वजनं बोलायला लागली. खालच्या फळीवरचे वीस उंदीर हळूहळू बारीक झाले, चपळ झाले. चार मात्र जिथल्या तिथं. कावेरीबाईंनी काटा पुसला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या खोलीतला काटा आणला. तिसऱ्या शनिवारी वडिलांच्या शेजारच्या सराफाकडून सोनं तोलायचा काटा मागून आणला. अप्पा उंदीर हातात धरून शेजारी उभे. एव्हाना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि त्याच दिवशी त्यांनी भाकर बंद करायची ठरवली. पण दुपार झाली, कानतुट्या उभा राहिला, आणि ठरवलेलं तिथंच राहिलं. सांगायचं तर त्याहून अवघड. आता सांगितलं तर नोकरी जाईल याची भीती होतीच, पण बाईंच्या नजरेतून उतरू याची जास्त होती. दिवस गेले तशी ती भीती वाढतच गेली.

मे उजाडला. पेटीचं काम दोन दिवसांत उरकलं. उंदरांना औषधानं कायमचं झोपवायचं तेव्हा अप्पा त्या खोलीत जायचे नाहीत. नंतर मात्र सगळं त्यांच्याकडं. लिंबापलीकडं खड्डा घेऊन, चुना टाकून ते एकेकाला माती द्यायचे. आमच्याकडं पुरायचीच रीत, असं म्हणायचे, आणि वर विभूतीची चिमूट सोडायचे. कानतुट्याला माती देताना हात जरा जास्त वेळ थांबला.

स्नायूंचे तुकडे पुण्याला पाठवायचे होते. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यातून नायट्रोजनचा थंड कॅन मागून आणला, गाईंच्या रेतनाच्या कांड्या ठेवतात तसला. अप्पा तो मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला जाऊन आले. झाकणातून पांढरा धूर निघायचा आणि शेजारी कुणी बसायचं नाही, त्यामुळं सारा प्रवास ऐसपैस झाला. आतड्याच्या पातळ चकत्या कापून, रंगवून, काचेवर लावायचं काम कावेरीबाईंनी कॉलेजातच केलं.

जूनमध्ये त्या काचा बघून झाल्या, आणि कावेरीबाई बोलेनाशा झाल्या.

अप्पांना तुकड्या-तुकड्यानं कळलं ते असं. वरच्या फळीवरच्या पोटभर खाणाऱ्यांची आतडी उष्णतेनं फाटली होती. खालच्या वीस जणांची शाबूत होती. आणि चौघांची, सतरा ते वीस, वरच्यांसारखीच फाटलेली. पुण्याहून स्नायूंचे आकडे आले, त्यातही तेच चौघे वेगळे. बाईंचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, हे चौघं का वेगळे ते सांगता येत नसेल, तर बाकीच्या वीस जणांचं तरी काय सांगता येतं? आणि चौघांचे पिंजरे शेजारी-शेजारी, खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिथं पत्रा जास्त तापत असणार. म्हणजे फरक अन्नाचा नसेल, जागेचा असेल. सर सोमवारी यायचे होते. त्यांच्यापुढं कावेरीबाई लिहून देणार होत्या, की खोलीतली उष्णता सगळीकडं सारखी नव्हती, सबब निष्कर्ष काढता येत नाही. तीन वर्षांचं काम, आणि नोंदणीची मुदत एकच वर्ष उरलेली.

कपाट पुसता पुसता अप्पांनी हे ऐकलं. त्या दिवशी ते काळ्या-पिवळ्या जीपमधून घरी आले ते अंगणातच बसून राहिले. उमाबाईंनी पाणी आणून दिलं, तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. उमाबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अवो, मुक्या जित्राबाला खाऊ घातलं, त्याचं पाप न्हाई. पण त्या लेकराला खोटं पाडायलाव तुमी, त्याचं हाय."

सोमवारी अप्पा पूजा करून, उपाशी पोटी, पहिल्या जीपनं गेले. सर अजून यायचे होते. कावेरीबाई टेबलाशी तोच कागद लिहीत होत्या. अप्पा दारातच उभे राहिले.

"बाई, कोपरा गरम न्हाई. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. त्यांला रोज भाकर घालायलो व्हतो म्या. सकरातीपासून."

कावेरीबाईंचं पेन थांबलं. ओरडल्या असत्या तर अप्पांना सोपं गेलं असतं.

"चार महिने, अप्पा," त्या हळू म्हणाल्या. "मी दर शनिवारी काटे बदलत होते. आणि तुम्ही शेजारी उभे होतात."

अप्पांना लाजेनं मान वर करवेना. पण मग बाईंच्यातली शिक्षिका जागी झाली असावी. किती भाकर? कशाची? रोज? अप्पांनी करंगळी दाखवली, दोन पेरं. ज्वारीची. सोमवार सोडून. बाईंनी त्यांना तसाच तुकडा मोडून दाखवायला सांगितला, पण सोमवार असल्यानं डबा नव्हता. मग शिपायाच्या डब्यातली भाकर मागून आणली. अप्पांनी मोडली, काट्यावर ठेवली. पाच ग्रॅम. दुसरा तुकडा, पाच. तिसरा, पुन्हा पाचच. पंचवीस वर्षं चतकोर मोडणारा हात, तो सोनाराच्या काट्याला हार जाणार नव्हता. बारा आणि पाच सतरा. म्हणजे ते चौघे खालच्या फळीवर राहून वरच्या फळीचं जेवत होते.

कावेरीबाई त्या तीन तुकड्यांकडं बघत राहिल्या. मग उठल्या, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला, आणि म्हणाल्या, "या, बसा. बघा काय झालंय ते."

अप्पा चार वर्षं त्या यंत्रावरची राख पुसत होते. डोळा त्यांनी कधी लावला नव्हता. आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसल्या. मग बाईंनी चाक फिरवलं, आणि ते एकदम मागं सरले.

एवढ्याशा काचेवर, जिथं नुसत्या डोळ्याला एक जांभळा ठिपका दिसत होता, तिथं एक शिवार पसरलेलं होतं. बोटासारखे उंच उंच कोंब, एकाला एक लागून, ओळीनं उभे. प्रत्येक कोंबाच्या कडेला विटांसारख्या पेशी बसवलेल्या, एकेरी थर, आणि प्रत्येक पेशीत एकेक गडद टिंब. बाई सांगत होत्या की ही खालच्या फळीवरच्या तीन नंबरची काच. अन्न आणि रक्त यांच्यामध्ये एवढाच एका पेशीचा पडदा असतो. या पेशींत दुरुस्तीची प्रथिनं असतात. थर्मलमध्ये दुरुस्तीची माणसं असतात ना, तशी. उष्णतेनं पेशीतल्या वस्तू वाकतात, ती त्यांना सरळ करतात. मोजून खाणाऱ्याच्या शरीरात ही प्रथिनं आधीपासून जागी असतात, बिघाड झाला की लगेच हजर. भरल्या पोटाच्या म्हाताऱ्या शरीरात ती उशिरा उठतात. स्नायूतही तेच, पुण्याच्या आकड्यांत ते आलं आहे.

अप्पांना अर्धंच कळत होतं, पण डोळा निघत नव्हता. उंदराच्या पोटात हे आहे. ज्याला गाव सापळ्यात धरून नाल्यात फेकतं, त्याच्या पोटात. कुणी बसवलं हे एवढं बारीक? पिंडी ते ब्रह्मांडी हे त्यांनी मठात शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा मान डोलावली होती. आज ते बघितलं. त्यांचा हात आपोआप छातीवरच्या लिंगाकडं गेला.

"बाई, आमच्या पोटात बी हे असंच हाय का?"

"असंच आहे, अप्पा."

अप्पांनी सदऱ्यावरून पोटाला हात लावून बघितला, जणू आत कुणी पाहुणा आहे. मग त्यांना बाहत्तर साल आठवलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना आम्ही बी अर्ध्या पोटी व्हतो, म्हणाले, मग आमची आतडी तर लोखंडाची व्हायला पाहिजे व्हती. कावेरीबाईंनी मान हलवली. कमी आणि उपाशी यात फरक आहे, त्या म्हणाल्या. यांना कमी दिलं, पण त्यात सगळं होतं. दुष्काळात पोटही रिकामं आणि अन्नात कसही नाही, त्यानं शरीर खचतंच. तेवढं बोलून त्यांनी काच बदलली.

ही काच समजायला अप्पांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. शिवारावरून गारपीट गेली होती. कोंबांचे शेंडे तुटलेले, विटा निखळून मध्येच पडलेल्या, कुठं कुठं नुसती खोडं.

"ही सतराची," कावेरीबाई म्हणाल्या.

अप्पा उठले नाहीत. त्यांना तो डोळे मिटून खाणारा कानतुट्या दिसत होता, दोन हातांत भाकरीचा तुकडा धरलेला. ते म्हणाले, "ह्ये माझ्या भाकरीनं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते यंत्राच्या नळीवर पडू नये म्हणून त्यांनी तोंड बाजूला केलं.

सर दुपारी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चौघांना गणतीत धरता येणार नाही, पण झालं ते झाल्यासारखं प्रबंधात लिहायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा सगळं करायचं, असं ठरलं. खोलीत म्हातारे होत आलेले दुसरे उंदीर होते, मुदतीतही बसत होतं. सर एवढंच म्हणाले की माणूस बदला. कावेरीबाईंनी नकार दिला. ज्यानं स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली त्याच्या मापावर माझा विश्वास आहे, असं त्या सरांना म्हणाल्याचं शिपायानं नंतर अप्पांना सांगितलं. अप्पांनी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढच्या संक्रांतीला, नव्याण्णव साली, पुन्हा अठ्ठेचाळीस पिंजरे लागले. पहिल्या सकाळी उमाबाईंनी डबा बांधून पुढं ठेवला. अप्पांनी तो उचलून परत चुलीपाशी नेऊन ठेवला. "आता मे पस्तोर दुपारची भाकर नगं."

"कावून?"

"त्यांच्यापुढं खाववत न्हाई, अन् त्यांला देता येत न्हाई."

उमाबाईंनी डबा सोडून ठेवला. पण त्या दिवसापासून सकाळच्या ताटात अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची मूठभर चटणी जास्त पडायला लागली, हे अप्पांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुपार झाली की खालच्या फळीवर चोवीस जण उभे राहायचे. नव्या सतरा नंबरचे दोन्ही कान धड होते, पण नाक तसंच गजातून बाहेर यायचं. अप्पा स्टुलावर बसायचे आणि त्याच्यासमोर आपला रिकामा तळहात उघडून धरायचे. "बघ बाबा, माझ्याकडं बी न्हाई." तो हुंगायचा, बोट चाटायचा, आणि खाली बसायचा. असे साडेतीन महिने गेले. या वेळी शनिवारची वजनं खालच्या चोवीसांची एकसारखी उतरत गेली. कावेरीबाईंनी काटा एकदाही बदलला नाही.

मेअखेर काचा तयार झाल्या. कावेरीबाईंनी सगळ्या बघितल्या आणि अप्पांना हाक मारली. खालच्या फळीवरच्या चोवीसच्या चोवीस जणांची आतडी शाबूत, असं त्यांनी सांगितलं. कोणती बघायची, असं त्यांनी विचारलंच नाही. सतराची काच आधीच लावून ठेवली होती.

अप्पांनी डोळा लावला. शेंडा अन् शेंडा जागच्या जागी होता. तापवलेल्या पेटीतून गेलेलं म्हातारं आतडं, आणि एक वीट हललेली नाही. अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी यंत्राला नमस्कार केला, कावेरीबाईंना केला, आणि बाहेर पडले.

त्या दिवशी काम संपलं म्हणून उमाबाईंनी डबा दिलेला होता. लिंबाखाली बसून अप्पांनी तो साडेचार महिन्यांनी सोडला. सवयीनं पहिला चतकोर मोडला, आणि हात तसाच थांबला. मग ते उठून पलीकडच्या खड्ड्यापाशी गेले. तिथं मागच्या वर्षीच्या मातीवर गवत उगवून वाळलेलं होतं, या वर्षीची अजून ताजी होती. दोन्हींच्या मधोमध त्यांनी तो तुकडा ठेवला. आता कुणाचं माप बिघडणार नव्हतं.